डावी सीट

आधी ब्रश. मऊ, घोड्याच्या केसांचा.
शिवणीच्या कलानं फिरवायचा, आडवा कधीच नाही.
इंदूरच्या गाडीत शिवण म्हणजे शेवेची खाण:
लवंगेची, लसणाची, वर जिरावणाची पिवळी धूळ,
आणि मालक सांगणार, ताई, गाडीत आम्ही काही खात नाही.
मी मान हलवते. बावीस वर्षं हलवतेय
स्नेहनगरच्या मागच्या गल्लीत, या पत्र्याखाली.

मग फेस. कापडावर घ्यायचा, कातड्यावर नाही.
नव्या पोराला, अय्यूबला, हे सांगून माझा घसा बसला.
तो फरशी धुतल्यासारखं पाणी ओततो.
अरे भिया, हे कुणाचं तरी अंग होतं,
घाम यायचा याला, माश्या बसायच्या.
छिद्रं आहेत बघ अजून. अजून पितं.
तो सीटकडे बघतो, मग माझ्याकडे,
बाई जरा सरकलेली आहे, अशा नजरेनं.

खोबरेल लावू नये.
(लावतात. सुदामानगरातले अर्धे लावतात
आणि मे महिन्यात नारळीभाताचा वास
पाठीवर घेऊन ऑफिसला जातात.)
उन्हात वाळवू नये. घाई करू नये.
मलम बोटानं, गोल गोल, आणि रात्रभर दार उघडं.

मंगळवारी एक मुलगी आली.
बेज सीटची जुनी गाडी, एकटीनं चालवत.
ऋजुता पागे. गाडी तिच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी.
विकायचीय, म्हणाली, देवासचं गिऱ्हाईक आहे,
सगळे डाग काढा.

काढले.
चहाची कड गेली. मागच्या सीटवरची बॉलपेनची रेघ,
कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्यावर गणित सोडवत होतं, तीही गेली.
राहिली डाव्या सीटची कड.
मांडीखाली, जिथे हात आपोआप जातो,
तिथे चार खुणा. नखांच्या.
एवढ्या खोल की कातडं आतून पांढरं दिसत होतं.
आणि शेजारी, शिवणीत, दोऱ्याच्या खाली, गुलाबी.

भरता येतं हे. लेप असतो, रंग जुळवता येतो,
बोट फिरवून कळणार नाही.
पण मी विचारते.
विचारण्याचे पैसे मी लावत नाही.

"रंगपंचमी," ती म्हणाली. "गेर निघाली होती.
राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद,
आई इथे, बाबा हॉर्नवर,
लोकांना वाटलं हेही खेळायलाच आलेत,
काच खाली होती, टाकला कुणीतरी मूठभर."
थोडं थांबून म्हणाली,
"म्हणजे, ते माझ्यामुळे."

मग तिनं आपली नखं त्या खुणांवर ठेवून पाहिली.
बसली नाहीत.
"माझा हात मोठा आहे," तक्रार करावी तशी म्हणाली,
आणि आईला फोन लावला, स्पीकरवर.

"भर की गं! तो देवासवाला पाच हजार कापेल."
"आई, पण..."
"पण काय? दुखलं ते मला आठवतही नाही आता.
सीट गार होती, एवढं आठवतं.
सगळं जग पेटलेलं, आणि सीट गार."
मागे कुकरची शिट्टी झाली. फोन बंद.

भरलं मी. चार थर, प्रत्येक थराला एक तास.
अय्यूब पहिल्यांदाच
न सांगता कापडावर फेस घेऊन उभा होता.

गुलाबी मात्र शिवण उसवल्याशिवाय जात नाही.
मी उसवली नाही.
बिलावर लिहिलं, गिऱ्हाइकाला नंतर वाद नको म्हणून:
डावी सीट. एक डाग शिल्लक. शिवणीखाली.